चौदा की चोवीस

निर्मला कटरे गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुडव्याच्या नाक्यावर पालक निवडत होते. फोन तिच्या नवऱ्याचा, खेमराजभाऊंचा. "बाई, गेली वो," एवढंच ते म्हणाले. आणि मी विचारलं, "कुठं?" … नागपूरच्या दवाखान्यात पाच दिवसांपासून डायलिसिसच्या मशीनला लावलेली बाई कुठं जाणार होती? पण माझ्या तोंडून तेच निघालं. भाऊंनी रागावून फोन ठेवला नाही. म्हणाले, "गाडीतून आनून राहिलो. संध्याकाळी ये." मी पालकाची जुडी हातात घेऊन स्कूटीवर बसले, लॅबकडे जायचं तर घराकडे वळले, घरापाशी पोहोचून परत लॅबकडे निघाले आणि लॅबमध्ये जाऊन तो पालक कामाच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, कटरेबाई गेल्या. तेही पालकाकडेच बघत राहिले.

याला आता दोन महिने होत आले. ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं, तुम्ही चौदा-पंधरा वर्षं एका टेबलावर काम केलंत, पेपरच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहा. मी हो म्हणून बसले. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे चांगलं लिहायचं, एवढं मला कळतं, आणि तिच्याबद्दल चांगलं लिहायला कमी काही नाही. पण एक गोष्ट मध्ये आडवी येते. ज्या रिपोर्टवरून तिचं औषध बदललं, आणि ज्या बदललेल्या औषधावर तिच्या किडन्या गेल्या असाव्यात, त्या रिपोर्टखाली माझी सही आहे. आणि तो रिपोर्ट बरोबर होता की चूक, हे मला आजही माहीत नाही. हे बाजूला ठेवून लिहावं म्हणून तीनदा कागद घेतला. जमलं नाही. तेव्हा जसं येईल तसं लिहिते.

नव्व्याण्णव साली मी गोंदियाच्या त्या लॅबमध्ये लागले. दोन खोल्या, एक फ्रिज, एक उबेची पेटी आणि बसलं की हलणारं एक स्टूल. कटरेबाई माझ्या दोन महिने आधीपासून तिथं होती, म्हणून सीनियर. तोंडावर मी तिला शेवटपर्यंत "तुम्ही" आणि "कटरेबाई" म्हणत आले, मनात मात्र ती "ती"च होती, तशीच इथंही राहू दे. बिरसीच्या बाजूच्या एका गावातून रोज यायची, घरी धानाची शेती, मोठं पोवारांचं कुटुंब. मी पडले गजभिये. पहिल्या दिवशी आडनाव ऐकलं की काही माणसं डबा जरासा आपल्याकडे ओढून घेतात, हे मी लहानपणापासून बघत आलेली, त्यामुळे मी खिडकीशी वेगळी बसले. तर ही उठून आली, माझ्या डब्याचं झाकण स्वतःच उघडलं आणि म्हणाली, "काऊन वो, एकटी एकटी काय खाऊन राहिली?" आणि माझ्या डब्यातली अर्धी भाजी उचलून नेली. मला तेव्हा खरं तर रागच आला होता, कारण भाजी मुळात थोडीच होती.

आमचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कुणाची लघवी, कुणाचा पू, कुणाचं रक्त आमच्याकडे येतं. त्यातला जंतू आम्ही वाढवतो. मग जेलीसारखं खाद्य भरलेल्या एका चपट्या प्लेटवर तो सारखा पसरतो, आणि वर वेगवेगळ्या औषधांत भिजवून वाळवलेल्या कागदी टिकल्या ठेवतो. खरंच कपाळावर लावायच्या टिकलीएवढ्या. रात्रभर उबेत राहिलं की सकाळी प्लेटभर जंतूची साय आलेली असते, आणि ज्या औषधाला जंतू घाबरतो त्या टिकलीभोवती स्वच्छ गोल सुटलेला असतो. गोल मोठा, तर औषध चालेल. गोल लहान, तर जंतू त्या औषधाला जुमानत नाही. हा गोल स्केलनं मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि डॉक्टरला कळवायचं. या टिकल्यांमध्ये एक इमिपेनेमची. बाकी सगळी औषधं हरली की डॉक्टर ज्या घराण्याच्या औषधाकडे वळतात, त्यातली. ती सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत नाजूक. गारव्यात ठेवली नाही की तिच्यातला दम निघून जातो, आणि मग जंतू साधा असला तरी गोल लहान येतो.

आता गोंदियात तेव्हा लाईन किती राहायची, हे ज्यांनी ती वर्षं काढली त्यांना सांगायला नको. सकाळी गेली की दुपारी यायची, दुपारी आली की संध्याकाळी जायची. डॉक्टरसाहेब जनरेटर घेतो घेतो म्हणत राहिले. शेवटी कटरेबाईनं मासोळी बाजारातल्या एका बाईकडून बर्फ आणायची सोय लावली. मोठ्या थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर बंद डबीत टिकल्यांच्या कुप्या. त्या थर्मासला असा वास यायचा की एका पेशंटच्या सासूनं विचारलं, "यहाँ खून जाँचते हैं कि झींगा बेचते हैं?" कटरेबाईच्या सासरी मासोळी शिजत नसे. पिशवीला वास येतो म्हणून तिच्या सासूनं तिला जाब विचारला. "मी सांगतलो, गजभियेबाईच्या डब्याचा वास हाय," ती मला हसत हसत सांगत होती. मी चिडले. "माझ्या नावावर काऊन?" "तू तं खातेसच ना," ती म्हणाली. यावर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मोहाच्या फुलांच्या पोळ्या आणल्या, आणि मी बोलू लागले. मी इतकी स्वस्तात पटते हे तिला लवकर कळलं होतं.

तर अशा लॅबमध्ये आम्हाला एक खोड लागली, किंवा मला लागली म्हणा. इमिपेनेमचा गोल लहान दिसला की मी जंतूवर संशयच घ्यायची नाही, फ्रिजवर घ्यायची. "परवा लाईन गेली होती, टिकली गेली," म्हणायचं, प्लेट बाजूला ठेवायची, नवी कुपी फोडून परत लावायची. आणि दुसऱ्या दिवशी गोल छान मोठा यायचा. कितीतरी वर्षं असंच झालं, कारण त्या औषधाला न जुमानणारा जंतू तोवर आमच्याकडे आलाच नसावा. नागपूर-मुंबईकडच्या मोठ्या लॅबमध्ये असं कोणी करत नसेल. आम्ही लाईन जाणाऱ्या गावचे, आमचा पहिला शत्रू वीज मंडळ.

कटरेबाईला ही खोड आवडत नव्हती. तिचा भरवसा कंट्रोलवर. कंट्रोल म्हणजे एक साधा, गरीब, ओळखीचा जंतू, जो सगळ्या औषधांना घाबरतो आणि कोणत्या टिकलीला किती गोल देतो ते ठरलेलं असतं. इमिपेनेमला तो अठ्ठावीसच्या आसपास देतो. किराणा दुकानात काट्याचा संशय आला की आपण एक किलोचं माप ठेवून बघतो, तसंच हे. कंट्रोलचा गोल बरोबर आला म्हणजे टिकली चांगली आहे, दोष जंतूचा. कंट्रोलचाही लहान आला म्हणजे टिकली गेली. हा जंतू जिवंत ठेवायला दर सोमवारी नव्या नळीत घालावा लागतो, आणि ते काम तिनं कधी कोणाला करू दिलं नाही. एकदा तिच्या नणदेच्या लग्नाचा सोमवार होता, तर हळदीचे हात घेऊन बसनं आली, नळी बदलली आणि परत गेली. मी म्हटलं, कटरेबाई, तुमचं लेकरू आहे का ते? ती म्हणाली, "लेकरू तं खोटं बोलते. हे नाई बोलत."

दोन हजार दहाच्या पुढेमागे डॉक्टरसाहेब एका बैठकीहून झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले. म्हणाले, आता असे जंतू आले आहेत की ते हे शेवटचं औषधच फोडून टाकतात, तेव्हा इथून पुढे ही एक जास्तीची चाचणी. त्यात प्लेटभर तोच गरीब जंतू पसरायचा, मधोमध टिकली ठेवायची, आणि संशयित जंतूची एक रेघ टिकलीपासून प्लेटच्या कडेपर्यंत ओढायची. संशयित खरंच औषध फोडणारा असेल तर त्याच्या आडोशानं गरीब जंतूही टिकलीच्या दिशेनं सरकत येतो, आणि गोल भाकर एका बाजूनं कुरतडल्यासारखी खाच पडते. मी झेरॉक्स चाळला आणि मनात म्हटलं, इथं फ्रिज चालेना, आणि यांना खाचा पाहिजेत.

त्यानंतर वर्षभरात सडक अर्जुनीकडचा एक ट्रकवाला आला. हायवेवर अपघात, पायाला जखम, बाहेरच्या कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात महिनाभर राहून गावी परत आलेला. त्याच्या पुवातला जंतू लावला, तर इमिपेनेमभोवती गोलच नाही. टिकलीला चिकटून साय. मी सवयीनं म्हटलं, "टिकली गेली." कटरेबाई म्हणाली, "एवढी नाई जात टिकली. हा जंतू हाय." आमची चांगली जुंपली. मी रिपोर्ट अडवून धरला आणि नवी कुपी लावली. तिनं मला न विचारता कंट्रोल लावला, आणि ती खाचेची चाचणीही. दुसऱ्या दिवशी कंट्रोलचा गोल अठ्ठावीस, आणि खाच अशी की आंधळ्यानं बोट फिरवून सांगावी. माझं तोंड बघण्यासारखं झालं. डॉक्टरसाहेबांनी घाईनं फोन केला, तोवर त्या ट्रकवाल्याला घरच्यांनी नागपूरला हलवलं होतं. त्याचं पुढं काय झालं, कधीच कळलं नाही. कटरेबाईनं मला एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, कारण मग मी भांडले असते. तसं झालं नाही आणि तो एक दिवस माझ्या डोक्यात बसला. माझ्यामुळे त्या माणसाचा एक दिवस गेला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. गोल जरा लहान दिसला की मला धडकी भरायची, कधी एकदा कळवते असं व्हायचं. कटरेबाई म्हणायची, "आगुदर तुया भरवसा फ्रिजच्या खराबीवर होता, आता जंतूच्या खराबीवर हाय. कंट्रोलवर कवा ठेवशील?" मी म्हणायची, तुम्ही आहात ना ठेवायला. ती असायची, म्हणून ते चालून गेलं.

यंदा पावसाळ्यात तिला मुतखड्याचा त्रास सुरू झाला. शुगर आधीपासून होतीच. रजा टाकून घरी राहिली, झाडपाल्याची औषधं, मग गावातला डॉक्टर, असं करत तीन आठवडे गेले. मग थंडी वाजून ताप, आणि गोंदियातल्या एका खाजगी दवाखान्यात भरती. मला तिनं स्वतः फोन केला. "लघवीचं सॅम्पल बाहेर पाठवून राहिले होते. मी सांगतलो, आमच्याच लॅबात पाठवा. तू पाह्यजो." तू बघ, असं म्हणाली. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

जंतू वाढला. टिकल्या लावल्या. सकाळी प्लेट उघडली तर बहुतेक औषधांभोवती काही नाही, आणि इमिपेनेमचा गोल चौदा. मी खुर्चीत बसले. आता जे सांगते ते नीट सांगायचा प्रयत्न करते, कारण मी मनातल्या मनात हे इतक्या वेळा फिरवलंय की काय आधी आणि काय नंतर, त्याचा घोळ होतो. आदल्या आठवड्यात वादळानं दोन दिवस लाईन गेली होती, आणि बर्फ आणणारी कटरेबाई रजेवर होती. म्हणजे टिकली गेलेली असू शकत होती. हे मला माहीत होतं. कंट्रोलची नळी बघितली, तर ती सुकून तडकली होती. तीन सोमवार गेले होते आणि मला एकदाही आठवलं नव्हतं. डीप फ्रिजमध्ये जपून ठेवलेला कंट्रोल होता, पण त्याला जागा करायला एक दिवस लागतो. एक दिवस… मला तो ट्रकवाला दिसला. डॉक्टरसाहेब रायपूरला लग्नाला गेले होते, फोनवर म्हणाले, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, मला जंतूच वाटतो. ते म्हणाले, मग द्या. मी लिहिलं, जुमानत नाही. सही केली आणि रिपोर्ट हातानं घेऊन गेले. टिकल्यांची ती कुपीही संपली होती, तिच्यातली शेवटची टिकली कटरेबाईच्या प्लेटवर लागली होती.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं रिपोर्ट बघून विचारलं, "मॅडम, पक्का है ना? फिर मुझे कोलिस्टिन पे जाना पड़ेगा. किडनी पे भारी है, और इनको शुगर है." मी म्हटलं, "पक्का है." त्या सकाळी तिचा ताप आदल्या दिवशीपेक्षा एका अंशानं उतरलेला होता, हे मी तक्त्यावर बघितलं. चालू औषध इमिपेनेमच्याच घराण्यातलं. म्हणजे ते लागू पडत होतं? की तापाच्या गोळीचा गुण? तेव्हा मी तिथं थांबून विचार केला नाही. आता त्या एका अंशाचा विचार करते, भाजी चिरताना, स्कूटी चालवताना.

मी तिच्या खाटेशी गेले. खेमराजभाऊ औषधं आणायला बाहेर गेले होते. तिचा चेहरा उतरलेला, ओठ फुटलेले, पण शुद्ध पूर्ण. म्हणाली, "किती आला?" मी म्हटलं, चौदा. ती थोडा वेळ वर पंख्याकडे बघत होती. मग म्हणाली, "कंट्रोल लावलीस का?"

मी म्हटलं, "लावला."

"किती?"

"अठ्ठावीस."

असं मी म्हणाले. आकडासुद्धा सांगितला. "मंग बरोबर हाय," ती म्हणाली, आणि दारात उभ्या डॉक्टरला म्हणाली, "बदला साहेब. आमच्या लॅबचा रिपोर्ट हाय." तिला घाबरवायचं नव्हतं म्हणून बोलले, की माझी लाज झाकायला बोलले? दोन्ही असेल. तिसरंही काही असेल. मला त्या क्षणी खरंच असं वाटत होतं की लावला असता तर अठ्ठावीसच आला असता.

चौथ्या दिवशी तिची लघवी कमी झाली, पाचव्या दिवशी थांबली. नागपूरला नेलं. तिथलं मी वर सांगितलं.

ती गेल्यावर आठवड्यानं मी लॅबमध्ये एकटीच बसून तिचा जंतू परत लावला. तो नळीत फ्रिजमध्ये ठेवलेला होता. नवी कुपी, ताज्या टिकल्या, आणि कंट्रोल. नव्यानं जागा केलेला, मी माझ्या हातानं केलेला. दुसऱ्या दिवशी कंट्रोल अठ्ठावीस. आणि कटरेबाईच्या जंतूचा गोल चोवीस. चोवीस म्हणजे औषध चालतं. खाचेची चाचणी लावली, तर एका बाजूला किंचित खाच, आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. प्लेट उजेडाकडे धरली की दिसायची, खाली ठेवली की नाही. डॉक्टरसाहेबांना दाखवली. कंट्रोल लावला नव्हता, तेही तेव्हाच सांगितलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "टिकली गेलेली असेल. किंवा जंतू खरंच तसा असेल आणि आता विसरला असेल." हे जंतू ती औषध फोडायची विद्या उसनी घेतल्यासारखी अंगावर बाळगतात म्हणे, आणि औषध नसलेल्या नळीत पडून राहिले की कधी कधी टाकूनही देतात. शिवाय असेही काही असतात की ते औषध फोडतात, पण या चाचणीत नीट दिसत नाहीत. मी विचारलं, मग यातलं नेमकं काय? ते म्हणाले, आता सांगता येणार नाही, पहिली प्लेट नष्ट केली, कुपी संपली. त्या तरुण डॉक्टरला जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, इतकं इन्फेक्शन असलं की किडनी औषधाशिवायही जाते. सगळे मला सोडवायलाच बघत होते. पण कोणीही "नाही, तुमचा रिपोर्ट बरोबर होता," असं म्हणालं नाही. आणि "चूक होता" असंही नाही. भांडायला समोर कोणी उभंच राहत नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी तिच्या गावी गेले. हलका धान कापायला आला होता, बांधावर पेंढ्या पडल्या होत्या, आणि बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ पोरांची लहान विमानं डोक्यावरून घिरट्या घालत होती. खेमराजभाऊ नुकतेच शेतातून येऊन पाय धूत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगायला लागले. ते म्हणाले, बस तं आधी. मी बसले आणि सांगितलं. टिकली, लाईन, सुकलेली नळी, आणि मी तिच्याशी काय खोटं बोलले ते. कंट्रोल म्हणजे काय ते त्यांना किलोच्या मापावरून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग तो रिपोर्ट चूक होता?"

"माहीत नाही, भाऊ."

"बरोबर होता?"

"तेही माहीत नाही."

"तुमच्या डॉक्टरले माहीत हाय?"

"नाही."

"मंग कोनाले माहीत हाय?"

ते चिडले, आणि त्यांनी चिडायलाच पाहिजे होतं. "मंग माले कायले सांगून राहिली, बाई? ज्याचं तुले माहीत नाई ते माया डोक्यावर कायले टाकून राहिली? मी बिमारीनं गेली असं समजून होतो. आता रातदिन मी काय समजू?" मी कबूल करायला गेले होते, म्हणजे मोकळी व्हायला गेले होते, आणि त्या माणसाला मात्र गुंत्यात टाकून निघाले होते. मी उठले. चपला घातल्या.

"थांब," ते म्हणाले. "तू तिले ते अठ्ठावीस सांगतलीस… त्याच्यावर ती झोपली का?"

मला आठवायला वेळ लागला नाही. झोपली होती. डॉक्टर गेल्यावर तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि बघता बघता तिला झोप लागली. सलाईनचा हात खाली घसरला, तो मी उचलून नीट ठेवला, तरी तिला जाग आली नाही. मी तिथं तासभर बसले होते, जायचं धाडस होत नव्हतं म्हणून.

"झोपली," मी म्हटलं.

"तीन राती डोळ्याले डोळा नव्हता तिचा," भाऊ म्हणाले. "मी दवाई घेऊन आलो तं घोरून राहिली होती. माले वाटलं, उतार पडला." मग ते पेंढ्यांकडे बघत राहिले. एक विमान वरून गेलं. "झोपली ते बरं झालं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "पन आता दुसऱ्या कोनाच्या बाईले असं सांगू नोको."

"नाही सांगणार," मी म्हटलं. त्यांनी मला माफ केलं की नाही, हेही मला कळलं नाही. त्यांनी आत चहा ठेवायला सांगितला आणि मी तो पिऊन आले.

प्लेट वाचायची आमची पद्धत सांगायची राहूनच गेली. रोज अकरा वाजता मी स्केल धरायची आणि आकडा मोठ्यानं बोलायची. ती समोर वही घेऊन बसायची. आकडा पटला की "हूं" म्हणायची आणि लिहायची. पटला नाही की काही बोलायची नाही, पेन नुसतं धरून ठेवायची, आणि मी काही न बोलता तोच गोल परत मोजायची. पंधरा वर्षांची सवय, ती जात नाही. अजूनही मी प्लेट उजेडाकडे धरते, आकडा मोठ्यानं बोलते आणि थांबते. समोरून "हूं" येत नाही. मग मी परत मोजते.